पांढरी सोडून कोणतीही

बुकिंगनंतर अठराव्या दिवशीही फुलसिंगचा फोन बरोबर साडेदहाला वाजला.

"पोरी, गाडी कुठवर आली?"

मोनालीने रिसीव्हर कानाला धरला. यवतमाळच्या त्या शोरूममध्ये लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते आणि फुलसिंगची गाडी हे तिच्या हातचं पहिलंच बुकिंग. गाडी कारखान्यातून निघाली, एवढंच तिला कळलं होतं. पुढचं सगळं फुलसिंगनेच सांगितलं. तीस वर्षं एसटी चालवून तो नुकताच रिटायर झाला होता. घाटंजीजवळच्या आपल्या तांड्यात बसल्या बसल्या तो रोज फोनवर हिशेब मांडायचा: ट्रेलर आज जालन्याला जेवणार, मेहकरला मुक्काम करणार, आणि दारव्ह्याच्या रस्त्याला लागला की खड्ड्यांनी त्याचा जीव मेटाकुटीला येणार. शोरूममधले सगळे हसायचे. मोनालीला मात्र त्या फोनची सवय झाली होती.

त्याची अट एकच होती. पांढरी सोडून कोणतीही चालेल, त्यातल्या त्यात लाल बरी. पांढऱ्या दोन गाड्या आवारात धूळ खात उभ्या होत्या, त्यांच्यावर सूटही होती. तरी त्याने नकाराची मान हलवली. जन्मभर लाल डबा हाकला, आता दारातही लाल डबाच पाहिजे, असं मॅनेजर म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. मोनालीलाही.

ट्रेलर सकाळीच आला होता. त्यात सगळ्या पांढऱ्याच गाड्या होत्या. पांढरी त्याच्या दारात नेऊन उभी कर, मॅनेजरने सांगितलं होतं. हार घाल, नारळ फोड, दारात आलेली नवी गाडी कोणी परत पाठवत नाही. शिवाय महिनाअखेर एक तरी गाडी गेली नाही तर दुसरं काम बघ, हेही त्याने सांगून ठेवलं होतं.

"काका, गाडी आली," मोनाली शेवटी म्हणाली. "संध्याकाळी घेऊनच येते."

रंग तिने सांगितला नाही. त्यानेही विचारला नाही. घरवालीले, पुष्पाले, शिरा कराले सांगतो म्हणाला आणि फोन ठेवला.

तांड्यात शिरताना पाच वाजले होते. मोनाली ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर नारळ. पोरंटोरं गाडीमागे धावत येतील असं तिला वाटलं होतं. कोणी धावलं नाही. बाया दारांत आल्या आणि तिथेच थबकल्या. गाडीकडे एकदा बघून सगळ्यांनी माना शेताकडे वळवल्या. मग एक बाई पिठाच्या हातांनीच पळत सुटली, नवऱ्याच्या नावाने हाका मारत, आणि तिच्यामागे बाकीच्या. तिचं नाव भुरीबाई, हे मोनालीला नंतर कळलं.

फुलसिंग इस्त्रीचा सदरा घालून घराबाहेर आला. गाडी बघताच तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून आपल्या बंजारा गोरबोलीत ओरडू लागला. ही माझी गाडी आहे, कोणाला काही झालेलं नाही, असं तो बायांना सांगत होता. पण त्या आता ऐकणार नव्हत्या.

मोनाली घाबरून खाली उतरली. काय चुकलं, तिने विचारलं.

"दोन साल झाले," फुलसिंग म्हणाला. "इथल्या जमनीबाईचा माणूस कापूस घेऊन बाजाराले गेलता. तो नाही आला, त्याच्या मरणाची खबर घेऊन सायबाची पांढरी गाडी आली. मंग आणखी दोन घरी आली. आता पांढरी गाडी दिसली का हरेक बाई आपला माणूस पाह्यते."

"मग बुकिंगच्या वेळी सांगायचं ना, काका."

"नव्या गाडीच्या कागदावर असं कसं लिहून देऊ, पोरी?"

तेवढ्यात शेताच्या वाटेने माणसं येऊ लागली. पिकातली डवरणी अर्धवट टाकून, बैल तसेच सोडून. एकेक जण दिसला की एकेका बाईचे पाय थांबत होते. भुरीबाईने नवऱ्याची बाही घट्ट धरली होती आणि हाकेला ओ काहून दिली नाही म्हणून ती त्याला फाडून खात होती. मोनालीही त्यांच्यासोबत माणसं मोजत होती. सगळ्यांत शेवटी एक म्हातारा शेळ्या हाकत निवांत आला, आणि इतके लोक आपली वाट कायले पाहून राह्यले, म्हणून बावचळला. कोणीतरी हसलं. मग सगळा तांडाच हसला. मोनालीला इतकं हायसं वाटलं की तिला रडूच फुटलं.

पुष्पाबाईंनी तिला शिरा खाऊ घातला. फुलसिंगने बुकिंग मोडलं नाही, लाल येईस्तोवर थांबतो म्हणाला. मोनाली न फोडलेला नारळ घेऊन त्याच गाडीतून परत निघाली.

मॅनेजरने ओरडायला तोंड उघडलं होतं. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला. लाल येईपर्यंत तुझं काम कुठे जात नाही, एवढंच मग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. जालना, मेहकर, कारंजा, दारव्हा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अकराव्या दिवशी लाल गाडी तांड्यात शिरली, तीच पाचची वेळ, मांडीवर तोच नारळ. पोरं आधीच धावत सुटली होती. बाया दारांत आल्या. मोनालीने काच खाली केली आणि श्वास रोखून एकेकीकडे बघितलं.

सगळ्या गाडीकडे बघत होत्या. शेताकडे एकीनेही मान वळवली नाही.