अखेरच्या भट्टीतली बरणी

अर्जुनरावांनी युसूफ वडगाव या गावी सोमेश्वरच्या दारात गाडी उभी केली, तेव्हा तो घरी नव्हता. त्याची बायको योगिता शेळ्यांना पाला टाकत होती. सकाळीच कुठंतरी गेलेत, एवढंच तिला ठाऊक होतं.

अर्जुनरावांना ते बरंच वाटलं.

चकलांब्याकडच्या माळावर मठ बांधून राहिलेले अचलबाबा चिनी मातीची भांडी घडवायचे. वाटी, पेला, बरणी. झिलई अशी, की नजर हलू नये. विकायचे नाहीत, मनाला येईल त्याला द्यायचे. पाटोद्याच्या घरी अर्जुनरावांनी बाबांच्या एकतीस भांड्यांसाठी खास सागवानी कपाट करून घेतलं होतं. पण दर भट्टीतलं सगळ्यात देखणं भांडं जायचं ते सोमेश्वरकडं. शेळ्या राखणाऱ्याकडं.

आमचं काय चुकलं, असं त्यांनी गेल्या वर्षी बाबांना तोंडावर विचारलं. बाबा नुसते हसले. तेव्हापासून अर्जुनराव मठाची पायरी चढले नाहीत. महिन्यापूर्वी बाबा वारले, तेव्हाही नाही. अखेरच्या भट्टीतली बरणी सोमेश्वरनं नेल्याचं कानावर आलं, आणि त्यांनी त्याचे फोन उचलणंही बंद केलं.

योगितानं चहा ठेवला. बरणी बघायचीय म्हणताच तिनं ती फळीवरून दोन्ही हातांनी उतरवून दिली.

जोंधळ्याच्या कोवळ्या पानाची हिरवट झाक, आणि बरणीच्या खांद्यावरून ओघळता ओघळता थांबलेला झिलईचा एक थेंब. एकतीसांतलं एकही भांडं तिच्या पासंगाला पुरलं नसतं.

योगिता चहा गाळायला आत वळली. अर्जुनरावांनी बोटं सैल सोडली.

आवाज ऐकून ती धावत आली. हातातून निसटली, असं ते म्हणाले.

"तुमाला लागलं न्हाई ना, भाऊ?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोमेश्वर होता. अर्जुनराव आपल्याकडंच आलेत, एवढं सांगून तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

"भाऊ, तुमी तिकडं? आन् मी हितं पाटोद्यात तुमच्या दारात बसलोय कवाचा." सोमेश्वरला हसू आवरत नव्हतं. "तुमी फोन उचलंनात, म्हणून सोता आलो. मोटारसायकलवर फुटंल म्हणून बरणी आणली न्हाई, तुमालाच न्यायला आलतो. आता गेलाच हाव तर घेऊनच या. बाबांनी ती तुमच्यासाठी ठेवलती."