माझ्या वेल्डिंगचे प्रेक्षक

थंडीने आत्याच्या वर्कशॉपमधलं लोखंडही गारठलं होतं. पण माझ्या पहिल्या वेल्डिंगची दवंडी मी वर्गभर पिटल्यामुळे सगळ्या मैत्रिणी हजर होत्या.

“ठिणगी पाडण्याआधी ‘डोळे!’ म्हणून ओरडायचं,” आत्या म्हणाली, “आणि शील्ड चेहऱ्यासमोरून हलवायची नाही.”

मी शील्ड धरून जीव खाऊन ओरडले, “डोळे!”

गुणी पोरी! डोळे जपायला सगळ्यांनी पाठ फिरवली. माझा पराक्रम बघायला कुणीच उरलं नाही. मीसुद्धा नाही, कारण त्या ओरडण्याच्या वाफेने माझ्याच शील्डची काच धुरकटली होती. तरी दोन पाइपांच्या जोडावर अंदाजाने रॉड टेकवलाच!

“झालं पण?” पोरी वळल्या. टाळ्यांचा कडकडाट!

आत्या पाइप निरखत कानाशी पुटपुटली, “वेल्डिंग झकास झालंय गं. फक्त जोड दोन बोटं पलीकडे राहिला.”

“हळू बोल ना, आत्या! आधी टाळ्या तर संपू देत!”