घडीचा चाकू

भामरागडच्या रस्त्यावर चौकीपाशी बस थांबली, पुरुषांना खाली उतरवून रांगेत उभं केलं, आणि सरफराजचा हात आपोआप खिशातल्या चाकूवर गेला. गेला तसा त्याने हात लगेच काढूनही घेतला. पोलिसांसमोर खिशात हात घालून उभं राहू नये, एवढी अक्कल त्याला होती.

चाकू तसा वीतभरही नव्हता. घडीचा, सागवानी मुठीचा, पात्याचं टोक किंचित वाकवून घेतलेलं. आलापल्लीत सरफराज दारं-खिडक्या करी, पण त्याचं नाव होतं ते बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांसाठी. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा आतून असा कोरायचा की एका घरच्या घंटेचा आवाज दुसऱ्या घरच्या घंटेसारखा येता कामा नये. मग रानात चरायला गेलेला बैल दिसला नाही तरी ऐकू येतो. हे काम घरी बसून होत नसे. गावात जाऊन तिथल्या सगळ्या घंटा आधी कानात साठवाव्या लागत आणि तिथंच बसून नवी कोरावी लागे.

याच रस्त्यावरच्या एका गावातला शेतकरी चैतू त्याला न्यायला मुद्दाम आलापल्लीला आला होता. त्याच्या नव्या जोडीतला एक बैल घंटेविना रानात गेला तो परत आलाच नव्हता. दुसरा तरी हातचा जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

"काऊन चुळबूळ करून राह्यला, भाऊ?" चैतूने विचारलं.

"काही नाई. लवकर आटपलं म्हंजे झालं."

रांग पुढे सरकत होती. शिपाई प्रत्येकाला चाचपत होता. कुणाचा विळा, कुणाची कुऱ्हाड, एका म्हाताऱ्याचा बांबू सोलायचा कोयता, सगळं झाडाखाली जमा होत होतं. परतताना घेऊन जा, असं शिपाई सांगे आणि लोक मान हलवत. सरफराजच्या खिशातून चाकू निघाला तसा शिपायाने तो उघडून उन्हात धरला.

"थांब रे," तंबूतून आवाज आला. पाठोपाठ चौकीचे साहेब बाहेर आले. "हे तर सरफराजभाई. आमच्या लेकीला लाकडी घोडा करून दिला यांनी. दे त्यांचा चाकू त्यांना. आपला माणूस आहे."

सगळी रांग ऐकत होती. या रस्त्यावरच्या गावांत दिवसा पोलीस येत आणि रात्री जंगलातून आतवाले येत. बंदुका दोघांकडेही असत. पोलिसांचा माणूस ठरलेल्याला आतवाले रात्री घरातून उठवून नेत, आणि सकाळी तो रस्त्याच्या कडेला सापडे.

"ठेवून घ्या, साहेब," सरफराज म्हणाला. "सगळ्यायचं ठेवलं, माझं बी ठेवा. मले नाई लागत आज."

"अहो, पोट आहे तुमचं त्याच्यावर."

"खरंच ठेवा, साहेब. हात जोडतो."

साहेबांना वाटलं, माणूस भिडस्त आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने चाकू मिटला, सरफराजच्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून थोपटला. "जपून जा. आणि येताना चहाला या."

साहेब मनाचे चांगले होते, हीच तर पंचाईत होती. वाईट असते, तर दोन थपडा देऊन त्यांनी चाकू काढून घेतला असता आणि सरफराज सुखाने बसमध्ये चढला असता.

बस सुरू झाली. सरफराजला बसवेना. तो खिडकीकडे सरकला, पुन्हा अलीकडे आला.

"साहेबाच्या क्वार्टरची खिडकी बसवली होती," तो चैतूला म्हणाला. चैतूलाच म्हणाला, पण मागच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तेवढीच ओळख. पोरगी खेळत होती, तर उरल्या लाकडाचा घोडा करून देल्ला. बाकी काही नाई."

कुणी काही विचारलं नव्हतं. कोयतेवाला म्हातारा बाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने सरफराजने खिडकीचं पुन्हा सांगितलं, मग घोड्याचं. जितकं सांगावं तितकं ते अंगाला जास्तच चिकटत होतं. हे कळत असूनही त्याचं तोंड थांबेना.

चैतूचा फाटा आला. सरफराज उठायला लागला तसा चैतूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू नको येऊ, भाऊ."

"अन् बैल?"

"पाहू बैलाचं."

"तुले बी तसंच वाटते का?"

"मले नाई वाटत. गाव इचारन ना."

"मंग तू सांग ना त्यायले."

"मी सांगन," चैतू खाली बघत म्हणाला. "मंग ते मले इचारतीन, तू काऊन त्याच्या बाजूनं बोलून राह्यला म्हून."

चैतू पिशवी घेऊन उतरला आणि पायवाटेने चालू लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि त्याचा राग येण्याऐवजी सरफराजला त्याचीच काळजी वाटली.

सरफराजचं तिकीट या फाट्यापर्यंतचंच होतं. बस हलली तसा तो पैसे हातात घेऊन कंडक्टरची वाट पाहू लागला. दुसरं काही नाही तरी तिकीट काढावं, चार लोकांसारखं बसावं.

"भामरागड द्या, भाऊ."

कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग पुढे केलेल्या पैशांकडे पाहिलं. तिकिटांची पेटी त्याने मिटून काखेत घेतली.

"राहू द्या ना," तो हळूच म्हणाला. "बसा तुम्ही, साहेब."