उसना मामा

"जास्त बोलायचं नाही," मुलाची आई म्हणाली. "तुम्ही नुसते बसलात तरी पुरे आहे."

"बरं, वहिनी."

"वहिनी नाही हो, ताई! आज तुम्ही माझे थोरले भाऊ. आणि हे अहो-जाहो सोडा. सख्खा भाऊ बहिणीला अहो म्हणतो का कधी?"

"बरं, ताई. म्हणजे... बरं गं."

दोघांनाही हसू फुटलं. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. पाहुणे कुठल्याही क्षणी येणार होते.

तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. उंचापुरा, धारदार नाकाचा, पांढऱ्याशुभ्र केसांचा. गल्लीत त्याला सगळे जज्जसाहेब म्हणत. कपड्यांचं गाठोडं टाकताना गिऱ्हाइकं सांगत, "जज्जसाहेब, संध्याकाळपर्यंत निकाल लावा." तोही गंभीरपणे म्हणायचा, "पुढची तारीख मिळेल." रूप साहेबाचं आणि नशिबी इस्त्री, ही चेष्टा त्याच्या अंगवळणी पडली होती.

या घरात वडीलधारा पुरुष नव्हता. मुलाचे वडील केव्हाच गेले होते. सख्खा मामा होता, पण त्याला चारचौघांत आणायची सोय नव्हती. तो एका वाक्यात दोन शिव्या घालायचा, आणि तेही खुशीत असला तर. मुलाचं आणि मुलीचं आपसांत कधीच जमलं होतं. प्रश्न मोठ्यांचा होता. मुलीच्या वडिलांची दोन मोठी दुकानं, आणि समोरच्याचं वजन बघून बोलणारा माणूस. त्यांच्यापुढे शिवणकाम करून घर चालवणारी बाई एकटी किती टिकणार? म्हणून आज मुलाचा मामा म्हणजे निवृत्त मोठे अधिकारी, आणि ते अधिकारी म्हणजे जज्जसाहेब.

अंगातला कोट एका विसराळू गिऱ्हाइकाचा होता. तो चढवल्यापासून सगळी दुनियाच बदलली होती. खालचा रखवालदार खुर्चीतून ताडकन उठला. रोज हाच त्याला मागच्या जिन्यानं पिटाळायचा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हसून लिफ्टचं दार धरून ठेवलं. सकाळीच एका कॉलरवरून त्यांनी त्याची खरडपट्टी काढली होती. आता त्यांनी त्याला ओळखलंदेखील नाही. त्याला आधी गंमत वाटली आणि मग आतून कसंसंच झालं.

"कसला विचार करताय?" मुलाच्या आईनं उशी ठाकठीक करत विचारलं.

"माझीही मुलगी आहे. लग्नाची."

"अगंबाई! कधी बोलला नाहीत ते."

"मामाकडे असते. दुसऱ्या गावी."

बायको गेली तेव्हा त्याची लेक, त्याची पिल्लू, लहान होती. मेव्हणा आला. हातात पैसा होता, पोटी मूलबाळ नव्हतं. "भाचीला मी नेतो," तो म्हणाला. "तुझ्या या खोलीत तिचं काय होणार?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून यानं मान हलवली. मग पिल्लू मोठ्या शाळेत गेली आणि मेव्हण्याचा निरोप आला: तिकडे येत जाऊ नकोस, तिच्या मैत्रिणी विचारतात. यानं तेही ऐकलं. अधूनमधून फोटो यायचे. ते तो इतक्या वेळा बघायचा, की तिच्या कपाळावरची बट कुठल्या फोटोत कुठे आहे, हे त्याला पाठ झालं होतं. पण एक शब्द मेव्हण्यानं दिला होता: लग्न ठरलं की पहिला फोन तुला, मांडवात बाप म्हणून तूच उभा राहशील. त्या एका शब्दावर त्यानं सगळे दिवस काढले होते. लग्नाचे कपडे इस्त्रीला आले की हात हळू चालायचा.

"ठरलं की बोलावतील मला," तो म्हणाला.

"बोलावतीलच की! बापाला सोडून का कुणी लग्न लावतं?"

त्याला एकदम बरं वाटलं. तो खुर्चीत जरा आणखी ताठ बसला.

दारावरची बेल वाजली.

"आली माझी सूनबाई!" मुलाची आई पदर सावरत धावली. तिची सूनबाई केव्हाच होऊन बसली होती. मुलानं दार उघडलं. बाहेर बूट काढल्याचा आवाज झाला, थोडी हसाहसी झाली.

"या, या ना आत! हे माझे थोरले भाऊ."

तो उठला आणि अर्ध्यातच थबकला.

दारात त्याचा मेव्हणा उभा होता. मेव्हण्याच्या मागे पिल्लू होती. फोटोतल्यापेक्षा उंच, आणि हुबेहूब आईसारखी.

तिनंही त्याला पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मग तिनं मुलाकडे एकदा बघितलं, पुन्हा याच्याकडे बघितलं, आणि आवाज न करता तिचे ओठ हलले: बाबा, नको.

इतक्या वर्षांत त्या ओठांवर त्याला तो शब्द दिसला नव्हता. धावत जाऊन तिला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं, फार वाटलं.

मेव्हण्याचा चेहरा पडला होता. पण धंद्यातला माणूस, त्यानं स्वतःला सावरलं आणि हात पुढे केला.

"नमस्कार," मेव्हणा म्हणाला. "मी मुलीचा बाप."

सगळे आता याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं तो हात हातात घेतला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी मुलाचा मामा."