सांग आईला

शंभर वर्षांच्या त्या शाळेत पालकसभेचा एक रिवाजच पडून गेला होता. वस्तीत भाषा इतक्या, की शिक्षक बोलायचे आणि मुलंच ते आपापल्या आईबापांना घरच्या भाषेत सांगायची. यातली गोम गणिताच्या सरांना ठाऊक होती. त्यांनी तक्रार केली की आयांचे चेहरे हमखास खुलायचे.

शेवटची आई आली तेव्हा बोलून बोलून सरांचा घसा बसला होता. ती सफाईच्या गणवेशातच होती, इथून थेट रात्रपाळीला निघालेली. सर तिच्या मुलीला म्हणाले, "सांग आईला, तू वर्गात झोपतेस. असंच चाललं तर नापास होशील."

मुलगी बराच वेळ बोलली. आईचा चेहरा काही खुलला नाही. उलट तिचे डोळे भरून आले.

सर नरमले. "अगं, एवढं काय सांगितलंस तिला?"

मुलीने मान खाली घातली. "सांगितलं, की चित्रकलेच्या बाई सरांच्या मिसेस होत्या. त्या गेल्यापासून सर घरी एकटेच असतात, म्हणून चिडतात."

आईने हळूच काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय, जेवलात का?"

"सांग, जेवलो."

मुलगी पुन्हा बोलायला लागली. 'जेवलो' एवढं सांगायला कुठल्याच भाषेत इतका वेळ लागत नसावा, असं सरांच्या मनात येतंय, तोवर आईने पिशवीतून आपला रात्रपाळीचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला.