पहिल्या तोड्याची पार्टी

श्रीमंतनं टोपलीभर ॲव्होकॅडो ओट्यावर ठेवले आणि पंधरा मिनिटांत ग्वाकामोले बाहेर पाहिजे म्हणाला. ॲव्होकॅडोच्या चटणीचं हे परदेशी नाव त्यानं मोबाईलवरनं परवाच पाठ केलं होतं.

अयोध्यानं एक फळ दाबून बघितलं. दगड.

"कधी तोडले?"

"आत्ताच, फोटोवाल्यासमोर. एकदम ताजे हायत," म्हणत नवरा मांडवात गेलासुद्धा.

चौथ्या वर्षी झाडं फळली, म्हणून ही पार्टी. निम्मं बेंबळी गाव दारातल्या मांडवात बसलं होतं, आणि पुढच्या रांगेत फळबाग योजनेच्या मॅडम. जिल्ह्यातनं एकाच शेतकऱ्याला परराज्यातल्या बागा बघायला नेणार होते. ते नाव मॅडम आज लिहून घेणार होत्या.

हे फळ झाडावर कितीही दिवस ठेवा, मऊ पडत नाही. तोडून वाळल्या काडात पिकत घालावं लागतं. गेल्या महिन्यात चार फळं वाया घालवून अयोध्या हे शिकली होती. श्रीमंतची शिकवणी अजून सुरू व्हायची होती.

तिनं खाटेखालची आढी उकलली. आठ दिवसांमागं काडात दडपलेली फळं काळपट झाली होती, अंगठा रुतेल इतकी मऊ. मग खलात लसूण, मीठ आणि मिरच्या घेतल्या. तीन मिरच्या पुरल्या असत्या. तिनं सात घेतल्या.

खिडकीतनं श्रीमंतचा आवाज येत होता. झाडं लेकरासारखी वाढवली, दोन उन्हाळे हंड्यानं पाणी घातलं, असं तो सांगत होता. हंडा तिच्या डोक्यावर होता. तो तेव्हा पारावर होता. बत्ता असा पडत होता की खल ओट्यावरनं सरकायला लागला.

सासू, हरणाबाई, कोथिंबीर निवडत बसली होती. "नवऱ्याचं नाव झालं म्हंजी तुजंच झालं की गं," ती म्हणाली. चार काड्या निवडून झाल्यावर खाली बघतच पुटपुटली, "मलाबी असंच सांगितलं हुतं."

अयोध्यानं गर हातानंच कालवला. काळा पडायच्या आत लिंबू पिळलं, कांदा-कोथिंबीर घातली, बोटानं चाखलं. इतक्या रागात केलेलं इतकं चवदार व्हावं, याचाही तिला राग आला.

बायकांनी परात उंबऱ्यापर्यंत आणून द्यायची, पुढं पुरुषांनी न्यायची, अशी रीत. अयोध्या परात घेऊन उंबरा ओलांडून सरळ मांडवात गेली.

मॅडमनी ज्वारीची पापडी बुडवून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी एक बुडवली. मग श्रीमंतला विचारलं, फळं आढीत किती दिवस ठेवली होती?

"आढी कशाला, मॅडम? झाडावरच पिकतंय की."

मॅडमचं पेन थांबलं.

"आठ दिवस," अयोध्या म्हणाली. "तोडून, काडात. देठापाशी दबलं की काढायचं."

श्रीमंत हसला. "ह्या आमच्या मिसेस. अगं, पापड्या संपत आल्या बघ. आत जा."

दारात हरणाबाई येऊन उभी राहिली होती.

अयोध्यानं परात नवऱ्याच्या हातात दिली. पुढच्या रांगेतली एक खुर्ची ओढली आणि मॅडमच्या शेजारी बसली. मनगटापर्यंत हिरवे झालेले हात तिनं पदराला पुसले नाहीत, तसेच मांडीवर उघडे ठेवले.