कडब्यातले डोळे

शाळेतल्या मॅडमनं वस्तीवरच्या पोरांची चित्रं घेऊन पारधी बोलीतलं पुस्तक छापलं, तेव्हा झुंबरबाईनं ते उराशी धरलं होतं. आज ते जमादाराच्या हातात होतं. वाटूरकडं चोरी झाली की पोलिसांची जीप आधी वस्तीवर येई आणि तिचा नवरा कडब्याच्या गंजीत शिरे. आत्ताही तो तिथंच होता. लेकीच्या पानावर आज्याचा तितर धरायचा फासा होता, मागं गंज आणि गंजीत दोन डोळे. खाली पारधीत लिहिलेलं झुंबरबाईला पाठ होतं: ‘पोलीस आले की बा इथं लपतो.’ “डोळे कुणाचे गं?” जमादारानं विचारलं. पोरीनं आईकडं पाहिलं. “तितराचे.” “खाली काय लिहिलंय?” “तितर लपून बसलाय.” जमादार हसला, अंगठ्याला थुंकी लावून शेवटची पानं उलटू लागला. तिथं मॅडमनं हौसेनं प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ छापला होता.